टूर द फ्रान्स पहिल्यांदा बघताना

मावशी पहिल्यांदा माझ्याबरोबर टूर द फ्रान्स ही सायकल शर्यत बघायला बसली, तेव्हा वीस मिनिटं काही बोलली नाही. मग एक जण दोन्ही हात वर करून रेषा ओलांडून गेला, मागून घोळका आला, आणि थोड्या वेळाने व्यासपीठावर पिवळी जर्सी चढवली ती भलत्याच माणसाला. "अरे, पहिला तो आला ना? मग पिवळा सदरा याला कसा?" या प्रश्नाचं नीट उत्तर द्यायला मला ती अख्खी संध्याकाळ लागली. तुम्हाला तेवढी लागू नये म्हणून हा लेख.

एक गोष्ट आधीच डोक्यात घ्या. ही एक शर्यत नाही, एकाच रस्त्यावर एकाच वेळी चाललेल्या पाच-सहा शर्यती आहेत. रस्त्यावरच्या पावणेदोनशे जणांपैकी एकूण शर्यत जिंकायला आलेले चार-पाचच असतात. कुणी आजचा टप्पा, म्हणजे एका दिवसाची शर्यत, जिंकायला आलाय, कुणी घाटमाथ्यावरचे गुण गोळा करायला, कुणी फक्त दुसऱ्याला पाणी आणून द्यायला. त्यामुळे "पुढे कोण आहे?" हा प्रश्न नंतर. आधी विचारायचं, "हा इथे कशासाठी आहे?"

आकडे एकदाच वाचा

२१ टप्पे, २३ दिवस, त्यात विश्रांतीचे २ दिवस. एका संघात ८ जण. २०२५ मध्ये २३ संघ होते, म्हणजे १८४ सायकलस्वार, आणि ३,३०० किलोमीटरहून जास्त अंतर. शर्यत १९०३ मध्ये 'लोतो' नावाच्या क्रीडा दैनिकाने खप वाढवण्यासाठी सुरू केली. तेव्हा टप्पे सहाच होते, पण एकेक चारशे किलोमीटरच्या घरातला, रात्रीही चालणारा. ६० जण निघाले, २१ पोचले.

घड्याळाचं गणित

मावशीच्या प्रश्नाचं उत्तर इथे आहे. प्रत्येकाला रोज किती वेळ लागला ते लिहितात आणि रोजची बेरीज करत जातात. ज्याची बेरीज सगळ्यात कमी, तो पिवळ्या जर्सीत. आज कोण पहिला आला याचा त्याच्याशी थेट संबंध नाही. २०१७ मध्ये क्रिस फ्रूमने एकही टप्पा न जिंकता टूर जिंकली.

आता यातली मेख. घोळका एकत्र पोचला तर सगळ्यांना एकच वेळ मिळते, मग तुम्ही त्यात दहावे असा की नव्वदावे. म्हणून सपाट टप्प्यावर पिवळ्या जर्सीवाला मागे आरामात येताना दिसतो. सपाट टप्प्यात शेवटच्या ३ किलोमीटरमध्ये पडलात किंवा चाक पंक्चर झालं, तरी ज्या गटात होतात त्याचीच वेळ धरतात. काही टप्प्यांना ही मर्यादा हल्ली ५ किलोमीटरपर्यंत वाढवतात. शिवाय नेहमीच्या टप्प्यात पहिल्या तिघांच्या वेळेतून १०, ६ आणि ४ सेकंद वजा होतात. तीन आठवड्यांच्या शर्यतीत दहा सेकंदांचं काय एवढं, असं वाटेल. १९८९ मध्ये ग्रेग लेमाँड लोराँ फिन्योंला हरवून जिंकला तो ८ सेकंदांनी.

हे गणित खेळताना बघायचं तर २०२० चा शेवटून दुसरा दिवस काढून बघा. टप्पा टाइम ट्रायलचा, म्हणजे प्रत्येकाने ठरावीक अंतराने एकट्याने निघायचं, सोबत फक्त घड्याळ. ३६.२ किलोमीटर, शेवटी ला प्लांश दे बेल फिय्य नावाचा चढ. स्लोव्हेनियाचा प्रिमोज रोग्लिच पिवळ्या जर्सीत आणि त्याच देशाचा तादेय पोगाचर त्याच्या ५७ सेकंद मागे. सगळ्यांनी धरून चाललं होतं की रोग्लिच जिंकला. चढावर रोग्लिचचं हेल्मेट कपाळावरून वर सरकलं, ते त्याने तसंच राहू दिलं, आणि पडद्यावरचा त्याच्या आघाडीचा आकडा घसरत घसरत शून्यावर आला. तो टप्पा पोगाचर जिंकला आणि रोग्लिच १ मिनिट ५६ सेकंदांनी मागे राहिला. त्यातून ५७ वजा करा. पोगाचरने टूर ५९ सेकंदांनी जिंकली, बाविसावा वाढदिवस दोन दिवसांवर असताना. रेषेपलीकडे रस्त्यावर बसलेला रोग्लिच मी चार-पाच वेळा तरी बघितला असेन, अजून बघवत नाही.

वारा समजला की निम्मी शर्यत समजली

नवखा माणूस विचारतो, सायकल एकट्याने चालवायची, मग संघ कशाला? संघ लागतो तो वाऱ्यासाठी. ताशी चाळीस-पंचेचाळीसच्या वेगाने जाताना बहुतेक ताकद हवा कापण्यात जाते. दुसऱ्याच्या चाकामागे, वीतभर अंतरावर चिकटून गेलं तर साधारण तिसरा हिस्सा मेहनत वाचते, घोळक्याच्या पोटात शिरलं तर त्याहून जास्त. एसटीच्या मागे सायकल दामटलेल्या कुणालाही हे शाळेतच कळलेलं असतं. या घोळक्याला पेलोटॉन म्हणतात, समालोचक दर वाक्यात तो शब्द वापरतील.

म्हणजे ज्याला जिंकायचंय त्याने दिवसभर वाऱ्यात जायचंच नाही. त्याच्यासाठी इतर सात जण वारा खातात. फ्रेंचमध्ये त्यांना दोमेस्तिक म्हणतात, म्हणजे शब्दशः घरगडी. टूरमधलं माझं सगळ्यात आवडतं दृश्य यांचंच आहे. एक जण हात वर करतो, मागे मागे सरकत संघाच्या गाडीपाशी जातो, खिडकीतून एकेक बाटली घेऊन जर्सीच्या पाठीत, मानेपाशी, पोटाशी कोंबतो. सात-आठ बाटल्या झाल्या की पोत्यासारखा फुगलेला तो माणूस पुन्हा घोळक्यातून वाट काढत पुढे जातो आणि प्रसाद वाटावा तशी एकेकाला बाटली देतो. त्यातही एक लबाडी असते. गाडीतला माणूस बाटली चटकन सोडत नाही. स्वाराचा हात बाटलीवर, गाडी पुढे जातेय, दोन-तीन सेकंदांची फुकट ओढ. तिला चिकट बाटली म्हणतात. पंच बघून न बघितल्यासारखं करतात, पण अति झालं की दंड.

संघातला मुख्य माणूस ओळखायचा तर पाठीवरचा क्रमांक बघा. प्रमुखाला बहुधा १ वर संपणारा क्रमांक मिळतो: ११, २१, ३१. गतविजेता पुन्हा उतरला तर १ त्याचा. १३ क्रमांक ज्याच्या वाट्याला येतो तो बरेचदा उलटा लावतो. अंधश्रद्धा तिकडेही आहेच.

वाऱ्याचं दुसरं रूप आडवं. मोकळ्या शेतांमधून रस्ता जात असेल आणि वारा बाजूने असेल, तर चाकामागे आडोसा मिळत नाही, तिरकी रांग करावी लागते. रस्त्याच्या रुंदीत मावतील तेवढेच त्या रांगेत, बाकीचे कडेच्या गटारापाशी एकामागे एक तडफडत. मग घोळक्याचे तुकडे होतात आणि सपाट, कंटाळवाण्या टप्प्यावर कुणाची टूर संपते. म्हणून असा दिवस असला की मी आधी गावातल्या चर्चवरचे झेंडे आणि कडेची झाडं बघतो, मग सायकली.

चार जर्सी

पिवळी एकूण वेळेसाठी. 'लोतो' पिवळ्या कागदावर छापलं जायचं, तोच रंग १९१९ मध्ये जर्सीला आला. हिरवी गुणांसाठी: टप्प्याच्या शेवटी आणि वाटेत एका ठरावीक ठिकाणी पुढे येणाऱ्यांना गुण मिळतात, त्यामुळे ती बहुतेक स्प्रिंटरकडे, म्हणजे शेवटच्या काही मीटरमध्ये सुसाट सुटणाऱ्याकडे जाते. २०२४ मध्ये ती एरिट्रियाच्या बिनियाम गिरमायने जिंकली. पांढरी २५ वर्षांपर्यंतच्यांमधल्या सगळ्यात वेगवान माणसाला.

चौथी, पांढऱ्यावर लाल ठिपक्यांची, आपल्याला समजावून सांगायची गरज नाही. मुंबई–पुणे सायकल शर्यतीत बोरघाट पहिला चढणाऱ्याला 'घाटाचा राजा' म्हणतात, तेच हे. फरक इतकाच की इथे घाट एक नसतो, तीन आठवड्यांतल्या पन्नासेक चढांचे गुण धरतात.

एकाच माणसाकडे दोन-तीन जर्सी आल्या तर तो मानाने मोठी असलेली घालतो आणि दुसरी त्या यादीतल्या दुसऱ्या माणसाच्या अंगावर दिसते. यावर नवख्यांचा हमखास गोंधळ होतो. ठिपकेवाली घातलेला माणूस त्या यादीत पहिला असेलच असं नाही.

टप्प्याचा आलेख वाचायला शिका

रोज सकाळी पाच मिनिटं त्या दिवसाचा उंचीचा आलेख बघा, संध्याकाळ दुप्पट कळेल. आलेख बघून घाबरू नका, उभी बाजू ताणून काढलेली असते, सगळे घाट भिंतीसारखे दिसतात. चढांना श्रेणी असते: ४ सगळ्यात सोपी, मग ३, २, १, आणि त्याहून वर 'ऑर कातेगोरी', म्हणजे श्रेणीबाहेरचा.

चढाचे दोन आकडे बघायचे, लांबी आणि सरासरी चढ. आल्प द्युएझ १३.८ किलोमीटर, ८.१ टक्के, २१ वळणं. गुणाकार करा: अकराशे मीटरहून जास्त उंची एका दमात. गालिबिए घाटाचा माथा २,६४२ मीटरवर आहे. आपलं कळसूबाई १,६४६, म्हणजे तो माथा त्याच्याही जवळजवळ हजार मीटर वर, आणि तिथे हवा विरळ. पण सरासरीवर फार विसंबू नका. सरासरीत मधला सपाट तुकडा सगळं झाकून टाकतो. ला लोझ घाटाच्या माथ्याजवळ चढ वीस टक्क्यांच्या वर जातो, सरासरीचा आकडा वाचून ते कळत नाही. २०२३ मध्ये पोगाचर त्या घाटात संपला. रेडिओवर त्याने संघाला "मी गेलो" असं सांगितलेलं सगळ्या जगाने ऐकलं, आणि योनास विंगेगो टूर घेऊन गेला.

कधी लावायचं

जुलैत फ्रान्स आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे असतं. टप्पा आपल्या दुपारी चार-पाचच्या सुमारास सुरू होतो आणि रात्री पावणेनऊ ते सव्वानऊच्या दरम्यान संपतो. बाहेर पाऊस, घरात जेवणाची वेळ, पडद्यावर सूर्यफुलांची शेतं. यापेक्षा सोयीची परदेशी शर्यत मला तरी माहीत नाही. प्रक्षेपणाचे हक्क एकाकडून दुसऱ्याकडे जात राहतात, त्यामुळे यंदा कुठे दिसणार ते जूनच्या शेवटच्या आठवड्यातच बघून ठेवा. पहिल्या टप्प्याच्या दिवशी शोधत बसलात तर निम्मा टप्पा जातो. हे मी दोनदा केलंय.

सगळं बघू नका. पाच तास सायकली बघायला मला आवडतं, पण नवख्या माणसाला ते सांगणं म्हणजे पहिल्याच दिवशी पाच दिवसांची कसोटी दाखवणं. सपाट टप्प्याचे शेवटचे ३० किलोमीटर पुरेत. डोंगरी टप्पा शेवटून दुसऱ्या घाटापासून लावा. टाइम ट्रायलमध्ये सगळ्यात मागचा आधी सुटतो आणि पिवळ्या जर्सीवाला सगळ्यात शेवटी, म्हणून शेवटचा तास.

पडद्यावर फ्रेंच शब्द येतील. 'तॅत द ला कूर्स' म्हणजे सगळ्यात पुढे असलेले. 'ग्रूप मायो जोन' म्हणजे पिवळ्या जर्सीचा गट. या दोन पाट्यांमधलं अंतर मिनिटांत दाखवतात आणि सपाट टप्प्याची सगळी गोष्ट त्या एका आकड्यात असते. सकाळीच चार-पाच जण सुटून पुढे गेलेले असतात. मागचा घोळका त्यांना मुद्दाम सोडतो, तीन-चार मिनिटांच्या दोरीवर ठेवतो आणि शेवटाकडे दोरी ओढतो. जुने समालोचक रोबेर शापात यांचा ठोकताळा अजून वापरतात: दर दहा किलोमीटरला घोळका एक मिनिट भरून काढतो. ३० किलोमीटर उरलेत आणि पुढच्याकडे दोनच मिनिटं आहेत? मग तो बहुतेक सापडणार. कधी कधी हिशोब चुकतो, आणि दिवसभर वाऱ्यात झिजलेला एखादा जण शंभर मीटरवर घोळका असताना रेषा ओलांडतो. त्यासाठीच तर बघायचं.

घोळक्याने पकडलं की स्प्रिंट. शेवटचा किलोमीटर सुरू होतो तिथे लाल कमान असते. त्याआधीच संघांच्या रांगा लागतात: पहिला गडी जीव तोडून ओढतो आणि बाजूला होतो, मग दुसरा, मग तिसरा, आणि शेवटच्या दीड-दोनशे मीटरवर स्प्रिंटर बाहेर पडतो, ताशी ६५ ते ७० च्या वेगाने. पहिल्यांदा बघताना स्प्रिंटर बघू नका, त्याच्या पुढचा माणूस बघा. मार्क कॅव्हेंडिशने २०२४ मध्ये टूरमधला कारकिर्दीतला ३५ वा टप्पा जिंकून एडी मर्क्सचा ३४ चा विक्रम मोडला. त्याच्या जुन्या विजयांमध्ये हात वर केलेल्या कॅव्हेंडिशच्या मागे बरेचदा आणखी एक जण हात वर करताना दिसतो. तो रांगेतला शेवटून दुसरा.

पहिल्या वर्षी पाचच दिवस

पहिला टप्पा, कारण तेव्हा सगळेच घाबरलेले असतात. पिरेनीज किंवा आल्प्स, जे आधी येईल त्यातला पहिला मोठा चढ. एक टाइम ट्रायल. तिसऱ्या आठवड्यातला सगळ्यात कठीण डोंगरी दिवस. आणि पॅरिस. शेवटच्या दिवशी पिवळ्या जर्सीवर हल्ला न करण्याचा रिवाज आहे. सायकलवर बसून शँपेन पितात, फोटो काढतात आणि शांज-एलिझे या हमरस्त्यावर स्प्रिंट होतो. २०२५ मध्ये मात्र पॅरिसमधल्याच मोंमार्त्र टेकडीची चढण घातली, पावसात धमाल झाली आणि वाउट व्हान आर्टने पोगाचरला तिथल्या चढावर मागे टाकून टप्पा नेला. टूर अर्थात पोगाचरचीच, चौथ्यांदा.

तीन आठवडे जमणारच नसतील तर महिलांची टूर बघा. २०२२ पासून नव्याने सुरू झालेली ही शर्यत आठ-नऊ टप्प्यांची असते. २०२४ मध्ये आल्प द्युएझच्या माथ्यावर कासिया न्येवियादोमाने ती एकूण ४ सेकंदांनी जिंकली. तिच्यात कंटाळवाणा असा दिवस सापडणं अवघड. आणि चटक लागलीच तर मे महिन्यात इटलीची जिरो आहे, गुलाबी जर्सीची, आणि ऑगस्टच्या शेवटापासून स्पेनची व्हुएल्टा, लाल जर्सीची. नियम तेच.

कुणी तरी विचारेलच, "हे सगळे औषधं घेतात ना?" घेत होते. लान्स आर्मस्ट्राँगची सात विजेतेपदं २०१२ मध्ये काढून घेतली. १९९९ ते २००५ या वर्षांच्या विजेत्याच्या रकान्यात आता कुणाचंच नाव नाही. हे माहीत असू द्या, आणि कुणी फार भारी खेळलं की मनात शंका येते तीही असू द्या. त्याशिवाय हा खेळ बघता येत नाही.

शेवटचा माणूस

डोंगरी टप्प्यावर कॅमेरा पुढे असतो, पण अर्धा तास मागे दुसरीच शर्यत चाललेली असते. विजेत्याच्या वेळेपेक्षा ठरावीक टक्क्यांहून जास्त उशीर झाला की माणूस बाद. अंगाने दणकट स्प्रिंटरांना घाट झेपत नाही, म्हणून ते वेगवेगळ्या संघांचे असूनही एकत्र येतात. या टोळीला ग्रुपेत्तो म्हणतात. कुणीतरी अनुभवी हिशोब करत असतो: या घाटात इतकी मिनिटं गेली तर चालतील, उतारावर इतकी परत मिळवू. एकूण यादीत सगळ्यात शेवटी असलेल्याला लांतेर्न रूज म्हणतात, आगगाडीच्या शेवटच्या डब्याचा लाल कंदील. मावशी आता संध्याकाळी आधी त्याचंच नाव विचारते. "पोचला का तो?"

प्रत्यक्ष जायचं असेल तर

युरोपात नोकरी-शिक्षणासाठी असलेल्यांना हे सहज जमतं. इथून जायचं तर मार्ग ऑक्टोबरमध्ये जाहीर होतो, तेव्हाच टप्पा ठरवा आणि शेंगेन व्हिसाच्या मागे लागा. रस्त्याकडेला उभं राहायला तिकीट नाही. सपाट रस्त्यावर उभं राहू नका, घोळका वीस सेकंदांत निघून जातो आणि तुम्ही "झालं?" म्हणून एकमेकांकडे बघता. घाट निवडा किंवा टाइम ट्रायल, तिथे एकेक जण समोरून जातो. घाटाचे रस्ते कित्येक तास आधी बंद होतात, नामांकित घाटात तर लोक आदल्या दिवशीपासून गाड्या लावून बसतात. पाणी, टोपी आणि जाकीट तिन्ही घ्या, माथ्यावर दुपारी ऊन आणि संध्याकाळी गारठा. शर्यतीच्या साधारण दोन तास आधी जाहिरातींच्या गाड्यांचा ताफा येतो आणि टोप्या, बिस्किटं, किल्लीच्या साखळ्या उधळत जातो. त्यासाठी सत्तरीतले आजोबाही लहान मुलांना ढकलतात.

सायकली आल्यावर एक पाऊल मागे, फोन खाली आणि पाठ कधीही शर्यतीकडे करू नका. २०२१ मध्ये पहिल्याच टप्प्यावर एका प्रेक्षकाने कॅमेऱ्याला दाखवायला पुठ्ठ्याची पाटी रस्त्यात धरली आणि घोळक्यातले कित्येक जण एकमेकांवर कोसळले.

पुढचे गेले म्हणून निघू नका. ग्रुपेत्तो यायचा असतो, आणि सगळ्यात मागे झाडूगाडी, थकून सोडणाऱ्यांना गोळा करणारी. ती गेली की पोलीस रस्ता उघडतात. तरीही गाडीत बसायची घाई करू नका. खाली उतरणारी रांग दोन-तीन तास हलत नाही, आणि डबा तोवर संपलेला असतो. एक पोळीभाजी वेगळी काढून ठेवा.